सीमेवरच्या शिक्क्याची तारीख

महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला काही तारखा स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ असतात. १० ऑगस्ट १९५०, ६ सप्टेंबर १९५०, २१ नोव्हेंबर १९६१, १३ ऑक्टोबर १९६७. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग, या क्रमानं. जातीचा दाखला मागायला आलेल्या पोराचा बाप, आजा किंवा पणजा त्या दिवशी किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत होता का, हे कागदावरून ठरवायचं. पोरगा समोर उभा असतो, त्याची जात सगळ्या गावाला ठाऊक असते, पण तारीख त्याच्याकडे नसते. मग तो परत जातो आणि आजोबाच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शोधत फिरतो. माझ्या नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं अशा तारखा तपासण्यात गेली.

मी फुलसावंगीचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं हे मोठं बाजाराचं गाव. आजूबाजूला बंजाऱ्यांचे तांडे, पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा, माहूरची रेणुका हाकेच्या अंतरावर म्हणावी इतकी आपली. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात कारकुनांच्या जागा निघाल्या आणि आमच्याकडची बरीच पोरं तिकडे लागली, त्यात मीही होतो. गावात आईचं अभिनंदन कुणी केलं नाही. ‘एवढ्या लांब, जंगलात?’ एवढंच विचारून लोक गेले. यवतमाळ, वणी, चंद्रपूर, मूल करत वैनगंगा ओलांडून पोचेपर्यंत दिवस मावळायचा. नोकरी सरकारी होती आणि घरची जमीन कोरडवाहू, त्यामुळे विचार करण्यासारखं फार काही नव्हतं.

ज्या तहसील कार्यालयात मी लागलो त्याच्या हद्दीत गोंडांची गावं होती, मराठी बोलणाऱ्यांची होती, आणि मधूनच अशी काही गावं होती ज्यांची नावं बाकीच्या नकाशाशी मेळ खात नव्हती. विवेकानंदपूर, सुंदरनगर, गांधीनगर. ही गावं सरकारनं वसवलेली. घरं एका रांगेत, प्रत्येक घरामागं खणलेलं तळं, तळ्याच्या काठी केळी, अंगणात तुळस, दारात वाळत घातलेली मासळी. शाळा बंगाली माध्यमाच्या. संध्याकाळी ढोल आणि काशाच्या झांजा वाजवत हरिनाम चालायचं. हरिचांद ठाकूरांच्या मतुआ संप्रदायातले हे लोक. पूर्व पाकिस्तानातून आलेले, बहुतेक नमःशूद्र, भातशेती आणि मासेमारी करणारे. चंद्रपूर शहरात ज्या भागाला आजही ‘बंगाली कॅम्प’ म्हणतात, तोही याच स्थलांतराचा एक तुकडा. मला हे काहीच माहीत नव्हतं. निर्वासित म्हणजे उल्हासनगरचे सिंधी, एवढंच शाळेत वाचलेलं. फार तर थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी. त्यांची वसाहत आपल्याच विदर्भात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ आहे, हेसुद्धा तिकडे नोकरीला लागल्यावर कळलं.

माझ्या टेबलावर या गावांतल्या एका आजोबांचा कागद आला तो राष्ट्रीयत्वाच्या दाखल्याच्या निमित्तानं. त्यांच्या नातवाला डी.एड.ला प्रवेश घ्यायचा होता. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व असा एकत्र दाखला लागायचा. नातवाकडे शाळेचा दाखला होता, बापाच्या नावाचा सातबारा होता, पण बापाचा जन्मच सीमेपलीकडचा. त्यामुळे वरिष्ठांनी शेरा मारला: मूळ पुरावा पाहावा. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः आले. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गमछा, हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कापड, कापडातून कागद.

‘येच हाये बाबू. बाकी सगडं तिकडंच राह्यलं.’

एवढ्या वर्षांत त्यांनी इथली झाडी बोली उचलली होती, फक्त तिच्यावर बंगाली गोलाई होती.

त्या कागदाला ते लोक नुसतं ‘मायग्रेशन’ म्हणायचे. म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट. ढाक्याच्या भारतीय उपउच्चायुक्त कार्यालयानं दिलेलं. कुटुंबप्रमुखाचं नाव, बापाचं नाव, गाव, ठाणं, जिल्हा खुलना, धंदा शेती. सोबत येणाऱ्यांची नावं आणि वयं: आई, बायको, दोन मुलगे. स्वतः धरून पाच जण. वर एक छोटा फोटो, इतका फिकट की नाक आणि केस एवढंच कळत होतं. खाली सीमेवरच्या तपासणी नाक्याचा गोल शिक्का आणि त्यात १९६४ सालची तारीख. चार ठिकाणी घडी घालून घालून कागद घडीवर फाटला होता आणि मागून कुणीतरी भाताच्या पेजेनं पातळ कागद चिकटवला होता. मी दाखल करून घेणारा कारकून, माझं काम एवढंच की मूळ कागद पाहिला, नक्कल जुळते, असं लिहून सही करायची. पण तो कागद वाचायला मला बराच वेळ लागला, आणि आजोबांना तो वेळ हवाच होता.

हे कागद का निघाले, ते थोडं सांगायला हवं. फाळणीनंतर पंजाबच्या बाजूला काही महिन्यांत सगळं उलथापालथ होऊन संपलं. बंगालच्या बाजूला तसं झालं नाही. तिथं माणसं पंचवीस वर्षं येतच राहिली. कधी थेंब थेंब, कधी लोंढा. सुरुवातीला ये-जा मोकळी होती. ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाले आणि कायमचं यायचं असेल तर भारताच्या कार्यालयातून हे मायग्रेशन सर्टिफिकेट घ्यायची पद्धत आली. आता सर्टिफिकेट कुणाला द्यायचं, किती द्यायची, हे दिल्लीच्या मनावर. लोंढा वाढला की हात आखडता, बोंब झाली की सैल. पुनर्वसन खात्यानं आलेल्यांचे गट पाडले तेही तारखांवर. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले जुने निर्वासित, १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ मध्ये आलेले नवे. मधल्या पावणेसहा वर्षांत जे आले ते सरकारी मदतीच्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. माझ्या चार तारखांत या आणखी तीन येऊन बसल्या.

आणि १९६४ च का? २७ डिसेंबर १९६३ ला श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष नाहीसा झाला. आठवडाभरात, ४ जानेवारीला, तो सापडलासुद्धा. पण तोवर दीड-दोन हजार किलोमीटरवर खुलन्यात मोर्चे निघून घरं जळू लागली होती. मग त्याची प्रतिक्रिया कलकत्त्यात, कलकत्त्याची पुन्हा ढाका-नारायणगंजला. ज्यांनी हजरतबल हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्यांना त्यापायी गाव सोडावं लागलं. आजोबांनाही ते नाव मी सांगितलं. त्यांना एवढंच आठवत होतं की पौष महिना होता, धान कापून खळ्यावर आणलं होतं, आणि नदीपलीकडच्या गावातून धूर दिसला.

त्यांची हकिकत मी एका बैठकीत ऐकली नाही. दाखला निघेपर्यंत तलाठ्याचा अहवाल, पंचनामा, प्रतिज्ञापत्र, असं करत ते अनेकदा आले. माझी जेवणाची सुट्टी झाली की कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसायचो. ते चहा बशीत ओतून प्यायचे आणि जिथं मागच्या वेळी थांबले तिथून पुढं सुरू करायचे. मला वाटतं, डब्यातला कागद आणि ती हकिकत त्यांनी एकाच घडीत जपून ठेवली होती.

अर्ज ढाक्याला करायचा. खुलन्याच्या खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी ढाका म्हणजे लाँच आणि स्टीमरचा प्रवास, नद्या ओलांडत. तिथं कार्यालयाबाहेर रांग, रांगेत दलाल. फोटो काढायचा, फॉर्म इंग्रजीत, भरून देणाऱ्याचे वेगळे पैसे. पहिल्या खेपेला नंबरच लागला नाही. आजोबांनी बैलजोडी विकली ती याच पायी. जमीन विकता आली नाही. कारण त्याच साली पूर्व पाकिस्तान सरकारनं अध्यादेश काढून अल्पसंख्याकांना परवानगीशिवाय जमीन विकायला बंदी घातली होती. वर शेजारीही जाणून होते की हा आज ना उद्या जाणारच, मग पैसे कशाला मोजायचे? पुढच्या वर्षी युद्ध झालं आणि अशा सोडून गेलेल्यांच्या जमिनी ‘शत्रू संपत्ती’ म्हणून सरकारजमा होऊ लागल्या. बांगलादेश झाल्यावर शत्रू हा शब्द गेला, जमीन काही परत मिळाली नाही.

कागद हातात आल्यावर रात्री निघाले. कागद असूनही रात्री का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘कागद नाक्यावर दाखवायचा असते बाबू. वाटेत कोन कागद वाचते?’ वाटेत आईच्या कानातलं गेलं, पितळेची भांडी गेली. खुलन्याहून बनगावकडे तेव्हा रेल्वे होती, सियालदहपर्यंत गाडी जायची. ती १९६५ च्या युद्धात बंद पडली आणि पुन्हा सुरू व्हायला २०१७ उजाडलं. पण स्टेशनात पोचणंच धोक्याचं होतं म्हणून ते चालत आणि नावेतून आले. नाक्यावर शिक्का बसला, त्यांची तिथं नोंद झाली, आणि लगेच विचारणा झाली: सरकारी मदत हवी की नको? पश्चिम बंगालनं हात वर केले होते. आधीच्या लोकांनीच कॅम्प आणि स्टेशनं भरलेली. मदत हवी असेल तर बंगालबाहेर जावं लागेल, असा तेव्हाचा नियम. ज्यांचे सोयरे कलकत्त्यात होते ते तिकडे गेले. ज्यांचं कुणी नव्हतं, ते विशेष गाडीत बसले. आजोबांना कुठं नेत आहेत ते कळलं नव्हतं. दोन दिवसांनी उतरले ते रायपूर.

रायपूरजवळ माना इथं दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आणि लष्करी बराकी पडून होत्या. तिथं हा संक्रमण कॅम्प उघडला होता. आज त्याच मान्याला रायपूरचं विमानतळ आहे. बराकी कधीच भरल्या, मग तंबू. पाण्यातल्या माणसांना फोफाट्यात आणून ठेवलं. उन्हाळ्यात तंबूत बसवेना, पावसाळ्यात उभं राहवेना. आठवड्याला डोल मिळायचा, म्हणजे रोख पैसे आणि धान्य. डोलाच्या रांगेत हाच कागद दाखवायचा, त्याच्या मागच्या बाजूला नोंद व्हायची. आजोबांची आई मान्याला हगवणीनं गेली. एक मुलगी तिथंच जन्मली. ही दोन वाक्यं त्यांनी लागोपाठ सांगितली, मध्ये चहाचा घोट घेऊन.

मान्यातून पुढं कुठं, हे सरकारच्या योजनेवर. बऱ्याच जणांना दंडकारण्य प्रकल्पात धाडलं, म्हणजे बस्तर आणि कोरापुटच्या जंगलात. त्या प्रकल्पाचं प्राधिकरण १९५८ मध्येच झालं होतं. काहींना आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणलं. गोंदियापर्यंत मोठी गाडी, तिथून चांदा फोर्टच्या छोट्या लाइनीवर वडसा, वडशाहून ट्रक. जंगल तोडून मोजलेले तुकडे, प्रत्येक कुटुंबाला एक. खुंटं उपटायची आणि भात लावायचा. खुलन्याच्या गाळाच्या जमिनीतला शेतकरी इथल्या मुरमाड उतारावर पहिली काही वर्षं कसा जगला असेल, हे आमच्यासारख्या कोरडवाहूवाल्यांना वेगळं सांगायला नको. वाघ दिसायचा, हिवताप ठरलेला. गोंडांच्या बाजूनंही हे बघायला हवं. त्यांचं रान त्यांना न विचारता कापून परक्यांना वाटलं गेलं. दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी माझ्या टेबलावर यायची आणि दोन्ही खरी असायची. सत्तर सालानंतर दंडकारण्यातून कंटाळून हजारो लोक परत बंगालकडे गेले, सुंदरबनातल्या मरिचझापीत उतरले आणि १९७९ मध्ये तिथून पोलिसी बळानं हाकलले गेले. आजोबांच्या गावातलीही काही घरं तेव्हा उठली होती. ते मात्र हलले नाहीत. ‘आणखी एक कागद कोन देनार?’ असं म्हणाले.

राष्ट्रीयत्वाचा दाखला निघाला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली झालेली नोंदणी आणि हे मायग्रेशन, दोन्ही मिळून पुरेसं होतं. नातू पेढे घेऊन आला. पेढे देता देता त्यानं दुसरा अर्ज पुढं केला, जातीच्या दाखल्याचा.

इथं मला आजही बोलताना अडखळायला होतं. नमःशूद्र ही पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. राष्ट्रपतींचा आदेश राज्यवार असतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला त्याच्या मूळ राज्याच्या हिशेबानं तरी काही कागद मिळतो. पण या कुटुंबाचं मूळ राज्य कोणतं? १० ऑगस्ट १९५० ला ते खुलन्यात होते आणि खुलना पाकिस्तानात. ज्या शिक्क्यानं त्यांना भारतीय ठरवलं, जमीन दिली, तोच शिक्का स्वच्छ अक्षरात सांगत होता की ही माणसं १९६४ च्या आधी इथं नव्हती. अर्ज नामंजूर करण्यासाठी कुणाला डोकं चालवावं लागलं नाही.

हे मला जास्त लागलं याला कारण आहे. आमच्या भागात बाबासाहेबांचं नाव घराघरात आहे. १९४६ मध्ये ते संविधान सभेत गेले ते मुंबई प्रांतातून नाही. तिथल्या काँग्रेसनं दार लावून घेतलं होतं. ते गेले बंगालच्या विधिमंडळातून, आणि त्यांना निवडून आणण्यात पुढाकार होता जोगेंद्रनाथ मंडल यांचा. मंडल नमःशूद्र, बारिसालचे, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे बंगालमधले पुढारी. पुढं तेच मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, आणि ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात निघून आले. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालची जागा गेली, मग मुंबईतून ते पुन्हा निवडले गेले. म्हणजे ज्या समाजानं संविधानाच्या शिल्पकाराला पहिल्यांदा सभेत पाठवलं, त्याच समाजाच्या पोराला बाबासाहेबांच्याच महाराष्ट्रात जातीचा दाखला नाही, कारण संविधानाखालच्या आदेशाच्या दिवशी त्याचा आजा सीमेच्या चुकीच्या बाजूला होता. टपरीवर मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांना मंडलांचं नाव लगेच ओळखीचं वाटलं, त्यांच्या बापानं मंडलांची सभा ऐकली होती. त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. मग म्हणाले, नातवाला ओपनमधून बसू द्या. महाराष्ट्रातल्या बंगाली वसाहतींची जातीच्या दाखल्याची मागणी कितीतरी वर्षं निवेदनांमधून फिरते आहे. ती मान्य व्हावी असं मला कारकून म्हणून नाही, पण माणूस म्हणून स्वच्छ वाटतं.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त होऊन मी फुलसावंगीला परतल्यावर, अमेरिकेत सॅन होजेला असलेल्या भाच्यानं मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. त्याच्या शेजारी एक व्हिएतनामी आजी राहतात. त्यांनी हौसेनं दाखवलेला त्यांचा देश सोडण्याचा परवाना. ‘मामा, तुमच्या बंगाली आजोबांच्या कागदासारखाच आहे बघा,’ असं खाली लिहिलेलं. भाषा कळत नव्हती, पण रचना ओळखीची वाटली. फोटो, नाव, जन्मसाल, क्रमांक, शिक्का.

मग मी त्यावर जमेल तसं वाचलं. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर लोक होड्यांतून समुद्रात निघाले. पुढच्या वीस वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं अशी होडीनं दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागली. वाटेत चाच्यांनी लुटलेले, बुडालेले, वेगळेच. होड्या थांबवण्यासाठी मे १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं व्हिएतनाम सरकारशी करार केला. ज्यांना जायचं आहे त्यांनी रीतसर अर्ज करावा, सरकारनं परवाना द्यावा, ज्या देशात जायचं त्यानं तपासून होकार द्यावा आणि माणसानं विमानानं जावं, अशी ती व्यवस्था. हो ची मिन्ह सिटीच्या तान सोन न्हात विमानतळावरून बँकॉक आणि तिथून पुढं. १९९७ पर्यंत सव्वासहा लाखांच्या जवळपास लोक असे गेले, त्यातले सुमारे साडेचार लाख अमेरिकेला. सैन्यातल्या अमेरिकन बापांची टाकून दिलेली मुलं आणि पुनर्शिक्षणाच्या छावण्यांत वर्षानुवर्षं डांबलेले जुन्या राजवटीचे लोकही पुढं त्यात आले.

दोन कागद मी शेजारी शेजारी मनात ठेवून पाहिले तेव्हा एक फरक नजरेत भरला. आजोबांचा कागद ज्या देशात जायचं त्यानं दिला होता, आजींचा कागद ज्या देशातून निघायचं त्यानं. आजींच्या सरकारनं निदान लेखी कबूल केलं की ही बाई आमची होती आणि जाते आहे. आजोबांच्या बाबतीत निघाल्याची नोंद पाकिस्तानच्या कोणत्या दप्तरात उरली असेल तर ती जमिनीच्या, आणि तीही शत्रू म्हणून. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. दोघांच्या मागं लाखो माणसं कागदाशिवाय निघाली. रांगेत उभं राहायला वेळ, दलालाला पैसे आणि विकायला बैलजोडी असलेल्यालाच कागद मिळतो. ज्याच्याकडे तेही नसतं तो होडीत बसतो किंवा रात्री शेतातून सीमा ओलांडतो, आणि पुढं कचेरीत त्याचीच चौकशी जास्त होते. कागदवाला खरा निर्वासित आणि बिनकागदाचा संशयित, ही आमच्या खात्याची जुनी खोड आहे. ३१ डिसेंबर २०१४ ही आता आणखी एक तारीख नागरिकत्व कायद्यात आली आहे, आणि तोवर आल्याचं सिद्ध करायलाही पुन्हा कागदच लागतो.

आजोबांच्या त्या कागदाशी निवृत्तीआधी माझी गाठ पुन्हा एकदा पडली होती. मी तिथंच होतो, बढती मिळून अव्वल कारकून झालो होतो. आजोबा वारले. वारस नोंदीचा फेरफार आला, त्यात दोन मुलगे. नोटीस लागल्यावर पंधरा दिवसांत एक बाई हरकत घेऊन आली. म्हणाली, मी त्यांची मुलगी. भावांनी सांगितलं, मान्य आहे, पण कागदावर कुठं आहे? पुनर्वसनाच्या फायलीतली मायग्रेशनची प्रत काढली. पाच नावं: आजोबा, त्यांची आई, बायको, दोन मुलगे. सहावं नाव नाही. बाईचा जन्मदाखला नाही, शाळेत ती गेलीच नव्हती, लग्न लवकर होऊन अर्जुनी मोरगावकडे दिलेली. वकिलानं भावांच्या बाजूनं तेवढंच लावून धरलं: सरकारी प्रतीत पाच नावं आहेत.

मी म्हटलं, मूळ कागद आणा. भाऊ म्हणाले सापडत नाही. बाईनं पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. म्हातारीनं मरताना तो मुलीकडे दिला होता. कागद उलटा केला. पेजेनं चिकटवलेल्या पातळ कागदाखाली मान्याच्या कॅम्प कारकुनाचं जांभळ्या पेन्सिलीतलं अक्षर होतं. आजोबांच्या आईच्या नावावर आडवी रेघ, पुढं तारीख आणि ‘मृत’. त्याखाली नवी ओळ: मुलगी, नाव, जन्मतारीख, आद्याक्षरी सही. कॅम्पच्या डोलासाठी माणूस कमी झाला तो कापला आणि वाढला तो लिहिला, यापलीकडे त्या कारकुनाला काही करायचं नव्हतं. त्यानं आपलं काम नीट केलं होतं, एवढंच. मंडळ अधिकाऱ्यांनी मूळ कागद पाहून तिचं नाव फेरफाराला लावलं. भावांनी पुढं अपील केलं नाही. तिसरा हिस्सा तिच्या नावे सातबाऱ्यावर आला. फायलीतल्या जुन्या प्रतीला मागची बाजू नव्हतीच. वर्षानुवर्षं सगळ्यांनी पुढचीच नक्कल काढली होती.

फुलसावंगीत आता माझ्याकडे लोक कागद घेऊन येतात. पैसे घेत नाही, चष्मा लावून वाचून देतो. तांड्यातल्या पोरांना २१ नोव्हेंबर १९६१ चा पुरावा लागतो. त्यांचे आजे तेव्हा कुठल्या तळावर होते ते कुणाला सांगता येत नाही. आई-बाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, पोरं कोपीत जन्मतात आणि जन्माची नोंद ना तिकडे होते ना इकडे. इसापूर धरणात गाव गेलेल्यांचे प्रकल्पग्रस्ताचे दाखले येतात. आणि काही घरांकडे काहीच नसतं. १९४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीनं माहूर-हदगावकडची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आली होती. नदीच्या त्या काठाला निजामाचं राज्य, या काठाला नव्हतं. सप्टेंबरात पोलिस अॅक्शन झाल्यावर बरीचशी परत गेली, थोडी राहिली. माझ्या आईला मी एकदा विचारलं होतं की त्या लोकांची नोंद कुठं झाली होती. ती म्हणाली, ‘कागद कायचा बाप्पा! जीव घेऊन आले थे.’ त्यांच्या पणतवांना आज कोणी १९५० आधीचा महाराष्ट्रातला पुरावा मागितला तर नदीच्या कोणत्या काठावरच्या दप्तरात शोधायचा, हे सांगताना माझीही पंचाईत होते. उर्दूतली जुनी निजामी कागदपत्रं वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत.

तेव्हा वाचणाऱ्यांना एक सांगतो. घरात जुना कागद असेल, मग तो कॅम्पचा असो, पुनर्वसनाचा असो, कोतवाल बुकाची नक्कल असो की नदीपलीकडच्या उर्दू दप्तरातला असो, तो लॅमिनेट करू नका. उष्णतेनं जुनी शाई जाते आणि प्लॅस्टिक निघत नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळा, वाळवीपासून लांब ठेवा. घरात कुठं ठेवला आहे ते लेकीला आणि सुनेलाही सांगा. आणि झेरॉक्स काढाल तेव्हा दोन्ही बाजूंची काढा. दुकानदार म्हणेल मागं काही नाही, तरी काढा.